पाठीवरची थाप

(रग्बी, कबड्डी, खो-खो हे संघाने खेळायचे खेळ आहेत. प्रस्तुत पाठात एका शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांना खो-खो या खेळाची ओळख करून दिली आहे. धाराशिव जिल्ह्यातील एका खेळाडूची हकिकत आणि आपल्या शाळेच्या संघाचा अनुभवही तिने सांगितला आहे. मिळालेली संधी घेणे आणि वेळ आली की ती दुसऱ्याला देणे, या दोन्ही गोष्टी खेळाच्या मैदानावर कशा शिकता येतात, ते या पाठातून कळते.)

मुला-मुलींनो,

मागच्या पावसाळ्यात आमच्या आठवीच्या वर्गात एक गंमत झाली. एका मुलाने वर्तमानपत्रातील एक चित्र कापून आणले होते. चित्रात चिखलाने माखलेली मुले एका चेंडूमागे धावत होती. तो चेंडू गोल नव्हता. अंड्यासारखा लांबट होता. मुलाने विचारले, "आपा, हा चेंडू दबून असा झाला, की मुळातच असा असतो?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणाले, "मुळातच असा असतो. हा रग्बीचा चेंडू आहे."

रग्बी हा खेळ इंग्लंडमधला. रग्बी नावाच्या गावातील शाळेवरून त्याला हे नाव मिळाले. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ फार वर्षांपासून खेळला जातो. एका संघात पंधरा खेळाडू असतात. सात खेळाडूंचाही एक प्रकार आहे. तो २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धेत खेळला गेला. चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, हा या खेळाचा मुख्य हेतू. परंतु त्यात एक अजब नियम आहे. हाताने चेंडू द्यायचा असेल, तर तो पुढे फेकता येत नाही. बाजूच्या किंवा मागच्या सोबत्यालाच द्यावा लागतो.

हे ऐकून तो मुलगा गोंधळला. त्याने विचारले, "आपा, जायचे पुढे आणि चेंडू द्यायचा मागे? असे कसे?"

प्रश्न चांगला होता. मी फळ्यावरचे पुसले आणि म्हणाले, "चला, मैदानावर चला. उत्तर तिथे मिळेल. आपल्याकडे रग्बीचा चेंडू नाही, पण हरकत नाही. आपल्या खेळाला चेंडू लागतच नाही."

तुम्ही ओळखले असेल. तो खेळ म्हणजे खो-खो.

खो-खो तुम्ही सर्वांनी खेळला असेल. पण त्याचे नियम नीट मराठीत सांगता येतात का, ते पाहा. दोन संघ असतात. प्रत्येक संघाचे नऊ गडी मैदानात खेळतात. मोठ्या गटासाठी मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. दोन टोकांना दोन खांब असतात. दोन्ही खांबांच्या मध्ये एक पट्टी आखलेली असते. त्या पट्टीवर पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आठ चौरसांत बसतात. एकाचे तोंड एका बाजूला, तर शेजारच्याचे दुसऱ्या बाजूला. नववा गडी पाठलाग करतो. समोरच्या संघाचे गडी तिघे-तिघे करून मैदानात उतरतात. त्यांना हाताने शिवले की ते बाद होतात. एक गडी बाद झाला की एक गुण मिळतो.

पळणाऱ्यांना सगळी मोकळीक असते. ते डावीकडे जातील, उजवीकडे जातील, बसलेल्या गड्यांमधून पलीकडे निसटतील. पाठलाग करणाऱ्याला मात्र मोकळीक नसते. त्याने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. मधली पट्टी ओलांडता येत नाही. पलीकडे जायचे तर खांबाला वळसा घालावा लागतो.

आता तुम्हीच सांगा, एकटा गडी काय करील? पळणारा पट्टीपलीकडे गेला की पाठलाग करणारा अलीकडेच राहणार. अशा वेळी तो काय करतो? पलीकडे तोंड करून बसलेल्या आपल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारतो आणि मोठ्याने म्हणतो, "खो!" सोबती ताबडतोब उठतो आणि धावू लागतो. थाप देणारा त्याच्या जागी बसतो.

त्या दिवशी मी मुलांना अर्धा तास खेळू दिले. मग सर्वांना गोल बसवले आणि तो चित्रवाला मुलगा पुढे बोलावला. मी विचारले, "तू तीन गडी बाद केलेस. एकट्याने किती केलेस?"

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "एकही नाही, आपा. खो मिळाला म्हणून झाले."

"मग रग्बीत चेंडू मागे का देतात?"

"मागचा मोकळा असतो म्हणून!" तो एकदम म्हणाला. "पुढच्याला सगळे अडवतात. मागच्याला वाट दिसते."

त्याचे उत्तर बरोबर होते.

मुलांनो, खो-खोच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत तुम्ही वाचत चला. त्यांत तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द भेटतील. 'मैदान' तुम्हांला माहीतच आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले, तर निकालासाठी आणखी एक डाव खेळवतात. त्याला 'अलाहिदा डाव' म्हणतात. अलाहिदा म्हणजे वेगळा. हा शब्द तुम्ही घरी रोज बोलता! काही शब्दांनी मात्र फसू नका. उर्दूत 'बाद' म्हणजे नंतर. मराठी मैदानावर 'बाद' म्हणजे खेळातून गेलेला. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे सराव किंवा कसरतीची जागा. एकच शब्द इकडे वर्गात बसतो आणि तिकडे मैदानात उतरतो. मला तर दोन्ही अर्थ आवडतात. मुलांना दोन्ही तालमी हव्यात.

खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ. पूर्वी तो गावोगाव आपापल्या रीतीने खेळत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधायला घेतले. आज त्याच्या स्पर्धा अनेक पायऱ्यांनी होतात. शाळांचे संघ तालुक्यापासून सुरुवात करतात. तिथून जिल्हा, विभाग आणि राज्य अशी वाट असते. गावोगावच्या क्रीडा मंडळांचे खेळाडू जिल्ह्याच्या संघात निवडले जातात. चौदा वर्षांखालील मुलांना किशोर आणि मुलींना किशोरी म्हणतात. त्यानंतर कुमार गट असतो. राष्ट्रीय स्पर्धेत किशोर गटातील सर्वोत्तम मुलाला 'भरत' पुरस्कार आणि मुलीला 'इला' पुरस्कार मिळतो. कुमार गटात 'वीर अभिमन्यू' आणि 'जानकी' हे पुरस्कार आहेत. मोठ्यांसाठी 'एकलव्य' आणि 'राणी लक्ष्मीबाई' असे पुरस्कार आहेत.

आपला धाराशिव जिल्हा म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा. बालाघाटच्या डोंगररांगा, कमी पाऊस, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट, अशी त्याची ओळख अनेकजण सांगतात. पण खो-खोच्या जगात आपल्या जिल्ह्याची ओळख वेगळी आहे. येथील मैदानांनी देशाला खेळाडू दिले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिलांची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा याच शहरात भरली होती. येथील एका मुलीची हकिकत तुम्हांला सांगते.

तिचे नाव सारिका काळे. सारिकाच्या घरची परिस्थिती बेताची होती. वडील शरीराने अधू असल्यामुळे त्यांना फारशी कमाई करता येत नसे. आई शिवणकाम करी. घराचा भार आजी-आजोबांच्या कष्टांवर होता. सारिकाचे मामा खो-खो खेळत. तेरा-चौदा वर्षांची असताना त्यांनी तिला मैदानावर नेले. तिथे तिचा खेळ सुरू झाला.

खेळाडूला चांगला आहार हवा, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. सारिकाने पुढे एका मुलाखतीत सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे तिने दिवसातून एकच वेळ जेवून दिवस काढले. शिबिर असले किंवा स्पर्धा असली, तरच चांगलेचुंगले खायला मिळे. असे असूनही तिने मैदान सोडले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाची कर्णधार सारिका होती.

गोष्ट इथे संपली असती, तर ती फार सोपी झाली असती. पण पदकाने घरची चूल पेटत नाही. त्याच वर्षी घरच्या अडचणींनी सारिका खचून गेली. खेळ सोडून द्यायचा, असे तिने ठरवले. तिच्या आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. जाधव सरांनी तिची समजूत काढली, तिला धीर दिला. सारिका पुन्हा मैदानावर आली. पुढे तिला क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय नोकरी मिळाली आणि ती तुळजापूर येथे काम करू लागली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या खेळाडूला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी मिळत होता.

या गोष्टीत किती जणांनी खो दिला, ते मोजा. मामांनी मैदान दाखवले. आजीने वेळेवर बातमी पोचवली. प्रशिक्षकांनी हात धरला. उठली आणि धावली मात्र सारिका स्वतः. थाप मिळाली तरी उठावे आपल्यालाच लागते.

हे मी इतक्या खात्रीने का सांगते? कारण मी एकदा उठले नव्हते.

मी शाळेत असताना फार चांगली पळत असे. आठवीत माझी शाळेच्या संघात निवड झाली. स्पर्धा दुसऱ्या गावी होती. सकाळी जायचे आणि रात्री परत यायचे होते. मला वाटले, अब्बा नाही म्हणतील. आमच्या नात्यातील कोणतीच मुलगी अशी बाहेरगावी खेळायला गेली नव्हती. मी दोन दिवस घाबरून गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी शिक्षकांना सांगितले, "माझा पाय दुखतो." माझा पाय दुखत नव्हता. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. पुढे मी खेळलेच नाही.

बी. एड्. होऊन मी शिक्षिका झाले, तेव्हा एके दिवशी हसत हसत ही गोष्ट अब्बांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, तू मला विचारलं तरी होतंस का? मी स्वतः तुला घेऊन गेलो असतो."

मुलींनो, त्या दिवशी मी फार रडले. मला कोणी अडवलेच नव्हते. मी विचारलेच नव्हते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मुलींचा संघ करायचे ठरले, तेव्हा मी एक काम आधी केले. निवडलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी गेले आणि विचारले. चहा घेतला, बसले, बोलले. घरच्यांच्या शंका खऱ्या होत्या. मुली कोणत्या कपड्यांत खेळणार? घरी परत कधी येणार? सोबत कोण असेल? अभ्यासाचे काय? मी कोणतीही शंका हसण्यावारी नेली नाही. आम्ही ठरवले, की सराव शाळा भरण्याआधी सकाळी साडेसातला होईल. मुली पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार घालतील. ज्यांना ओढणी हवी, त्यांनी ती डोक्याला घट्ट बांधावी. बाहेरगावी जाताना दोन मुलींच्या अम्मी सोबत येतील. चाचणी परीक्षेत गुण कमी झाले, तर सराव थांबवून आधी अभ्यास.

नऊ घरे सहज तयार झाली. दहाव्या घरी आमच्या होणाऱ्या कर्णधाराची दादी बसली होती. तिने सुपारी कातरता कातरता विचारले, "खेळून काय मिळणार?"

मी काय सांगणार? नोकरी मिळेल असे सांगणे खोटे ठरले असते. पदक मिळेल असेही सांगता येत नव्हते. मी म्हणाले, "दादी, मी लहानपणी खेळले नाही, म्हणून मला उत्तर ठाऊक नाही. हिला खेळू द्या. ही येऊन तुम्हांला सांगेल."

दादीने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "सकाळी साडेसात म्हणजे फजरनंतर पुष्कळ वेळ आहे. जाऊ दे."

तीन महिने सराव झाला. मैदानावर खडे होते. ते मुलींनीच वेचले. चुन्याने रेषा आखल्या. खांबांसाठी दोन जुने वासे मिळाले. सुतारकाम करणाऱ्या एका पालकांनी ते गुळगुळीत करून दिले. मुलींचे गुडघे खरचटले, तळपायांना फोड आले. पण एकही मुलगी घरी बसली नाही.

तालुक्याच्या स्पर्धेत पहिला सामना आम्ही तीन गुणांनी जिंकला. दुसरा सामना वर्षभर सराव करणाऱ्या एका संघाशी होता. शेवटचा डाव आमच्या पाठलागाचा होता. सामना संपायला थोडे क्षण उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. एक गडी बाद झाला असता, तर बरोबरी झाली असती आणि अलाहिदा डाव मिळाला असता.

आमची कर्णधार पाठलागावर होती. पुढची मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. खांब जवळ आला. इतक्यात ती मुलगी बसलेल्या गड्यांमधून झटकन पलीकडे निसटली. तिथेच, अगदी तिच्या समोर, आमची नववीतली एक सडपातळ मुलगी तोंड करून बसली होती. एक थाप पुरे होती. आम्ही सगळ्या बाहेरून ओरडलो, "खो दे! खो दे!" पण कर्णधाराने खो दिला नाही. तिला वाटले, आपणच खांबाला वळसा घालून पकडू. ती जीव तोडून धावली. ती वळसा घेऊन पलीकडे पोचली आणि पंचांची शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

परत येताना जीपमध्ये कोणी बोलत नव्हते. कर्णधार खिडकीकडे तोंड करून रडत होती. तिला कोणी दोष दिला नाही. नववीतल्या त्या मुलीने आपल्या डब्यातील शिरखुर्मा तिच्यापुढे केला, तोही तिने घेतला नाही. मीही काही बोलले नाही. अशा वेळी उपदेश कानात शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तरीही सकाळी साडेसातला कर्णधार मैदानावर उभी होती. तिच्यासोबत तिची दादी होती. कर्णधार खाली पाहत म्हणाली, "आपा, माझा हात पोचणार नव्हता. तिचा पोचला असता. मला ते दिसत होते. तरी मी दिले नाही."

मी म्हणाले, "आता देशील?"

"देईन."

मग दादी पुढे आली. मला वाटले, आता ती म्हणणार, पुरे झाला खेळ. पण ती म्हणाली, "हरल्यावर रात्रभर रडली पोरगी. पण कुणाला वाईट बोलली नाही. म्हणाली, चूक माझीच. एवढं शिकायला मला पन्नास वर्षं लागली. सराव रोज किती वाजेपर्यंत असतो?"

दादीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. मलाही मिळाले.

मुला-मुलींनो, खो-खो आता फार दूर गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. पुरुषांच्या संघानेही नेपाळलाच ५४-३६ असे हरवून चषक जिंकला. त्या महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. त्याच संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि दिल्लीची नसरीन शेख होती. नसरीनचे वडील रस्त्यावर भांडी विकून घर चालवत. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. तिला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. धाराशिवची मुलगी आणि दिल्लीची मुलगी एकाच पट्टीवर, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. पाठीवर थाप पडली की उठायचे, एवढे दोघींना पक्के ठाऊक होते.

आता पुन्हा त्या लांबट चेंडूकडे येऊ. कोलकात्यात १८७३ साली इंग्रजांनी रग्बीचा एक क्लब काढला. काही वर्षांतच खेळाडू कमी झाले आणि क्लब बंद करायची वेळ आली. बँकेत क्लबचे पैसे शिल्लक होते. ते वाटून घेता आले असते. पण सभासदांनी चांदीचे रुपये काढले, ते वितळवले आणि त्यांचा एक सुंदर चषक घडवला. त्याच्या मुठींवर नाग आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७८ साली तो चषक त्यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ १८७९ पासून आजपर्यंत त्या 'कलकत्ता चषका'साठी खेळतात. क्लबला आपली जागा सोडावी लागली; पण जाताना त्याने पुढच्यांना खो दिला.

तुमच्या शाळेतही एखादे मैदान असेल. छोटे असेल, खडकाळ असेल. तिथे कोणीतरी तुमच्या पाठीवर थाप मारील. ते तुमचे शिक्षक असतील, मामा असतील, शेजारची मैत्रीण असेल. त्या वेळी पाय दुखतो असे सांगू नका. घरी विचारा. उठा आणि धावा. आणि हात पोचत नसेल, तेव्हा जवळच बसलेल्या सोबत्याला विसरू नका. तो कधीपासून तुमच्या थापेची वाट पाहत असेल.

शब्दार्थ व टिपा

हकिकत - घडलेली गोष्ट
प्रतिस्पर्धी - विरुद्ध बाजूचा खेळाडू
गडी - खेळाडू
शिवणे - (येथे अर्थ) स्पर्श करणे
वळसा घालणे - फेरी मारून पलीकडे जाणे
पायपीट - खूप चालण्याचा त्रास
बेताची परिस्थिती - गरिबी, जेमतेम भागेल अशी स्थिती
अधू - शरीराने दुबळा
खचून जाणे - धीर सुटणे
कानावर घालणे - सांगणे, कळवणे
हसण्यावारी नेणे - महत्त्व न देणे
वासा - लाकडी खांब
जीव तोडून धावणे - सारी शक्ती लावून धावणे
अर्जुन पुरस्कार - उत्तम खेळाडूंना भारत सरकारकडून दिला जाणारा पुरस्कार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) रग्बीचा चेंडू कसा असतो?
(२) खो-खोचे नियम बांधण्याचे काम कोणत्या साली आणि कोठे सुरू झाले?
(३) सारिका काळे हिला मैदानावर प्रथम कोणी नेले?
(४) किशोर गटातील सर्वोत्तम मुलीला कोणता पुरस्कार मिळतो?
(५) कलकत्ता चषक कशापासून घडवला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पाठलाग करणाऱ्या गड्यावर कोणती बंधने असतात?
(२) मुलींच्या घरच्यांच्या शंका कोणत्या होत्या? त्या कशा दूर झाल्या?
(३) शाळेचा संघ दुसरा सामना कसा हरला?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) लेखिका आठवीत असताना स्पर्धेला गेली नाही.
(२) २०१६ साली सारिकाने खेळ सोडायचे ठरवले.
(३) दादीने सरावाची वेळ विचारली.

प्र. ४. कोण कोणास म्हणाले, ते लिहा.
(१) "बेटा, तू मला विचारलं तरी होतंस का?"
(२) "खेळून काय मिळणार?"
(३) "माझा हात पोचणार नव्हता. तिचा पोचला असता."

प्र. ५. खालील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
बाद, तालीम, अलाहिदा

प्र. ६. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
समजूत काढणे, धीर देणे, खचून जाणे, हसण्यावारी नेणे

प्र. ७. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(१) मुलगी मैदानावर धावली. (अनेकवचन करा.)
(२) कर्णधाराने खो दिला नाही. (होकारार्थी करा.)
(३) आम्ही सामना जिंकतो. (भूतकाळ करा.)

प्र. ८. विचार करा आणि लिहा.
कर्णधाराच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? आठ-दहा ओळी लिहा.

उपक्रम : मराठी वर्तमानपत्रातील खो-खोच्या एखाद्या सामन्याची बातमी कापून वहीत चिकटवा. तिच्यातील उर्दूशी मिळतेजुळते शब्द अधोरेखित करा आणि ती बातमी वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.